पोपटची खेळी

दहिवलीत येसाजी सांधेवाल्याच्या ओटीवर बुद्धिबळाचा एक पट कायमचा मांडलेला होता आणि त्याला कुणी हात लावायचा नाही असा घरात दंडक होता. माजघरात जायचं तर पटाला वळसा घालून, भिंतीला अंग घासत जावं लागे. एखादं कोंबडं ओटीवर चढलं तर येसाजी असा धावे, जसा काही गोठ्यात बिबट्याच शिरला. पाव्हणेरावळे येत, वळसा घालत, तांब्याभर पाणी पिऊन लवकर उठत. कुणाला त्या ओटीवर फार वेळ बसवत नसे. कारण त्या डावात एका बाजूला येसाजी होता आणि दुसऱ्या बाजूला त्याचा मुलगा पोपट, आणि पोपट तर आदल्या वर्षीच्या मानमोडीच्या तापाच्या साथीत गेला होता.

येसाजी कर्जत स्टेशनात गाड्यांसाठी रुळांचे सांधे बदलायचा. घाट चढायच्या आधी प्रत्येक गाडीला तिथं मागून दुसरं इंजिन लावत, आणि त्या मधल्या वेळात रेल्वेची खलाशी मंडळी सावलीला पट टाकून बसत. येसाजी तिथंच खेळायला शिकला आणि त्यानं पोराला शिकवलं. पोपट ठाकुरवाडीला रुळांच्या गँगवर होता, रविवारी घरी यायचा. जेवण झालं की बापलेक समोरासमोर बसायचे. त्या रविवारीही बसले होते. येसाजीची पाळीची वेळ झाली म्हणून तो अर्ध्यातून उठला, डाव तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी पोपट तापानं फणफणला. आठवडा काही निघाला नाही. शुद्ध होती तोवर तो एवढंच म्हणत होता, "आबा, पट उचलू नका. खेळी माझी हाय."

दहाव्याला उल्हास नदीच्या काठी पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. भावकीनं एकेक वचन देऊन पाहिलं. बायकोला सांभाळू, बैल विकणार नाही, देवीचा नवस फेडू. कावळे आपले झाडावर ढिम्म. शेवटी येसाजी पुढं होऊन म्हणाला, "पट उचलनार नाय रं. तुझा डाव पुरा करू." आणि कावळा उतरला. झालं. त्या साली नदीकाठी इतके पिंड पडत होते की कावळ्यांचीच पोटं तुडुंब भरलेली असत, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. पोपटचा जीव डावात अडकलाय, हे गावानं एका दमात मानून टाकलं.

येसाजीनं तर ते मानण्याच्या पुढची मजल मारली. रात्रपाळीहून आला की दुपारी तो पटाशी बसे. समोरच्या रिकाम्या चटईकडे बघून बोले. तंबाखूची चिमूट तिकडच्या कडेला ठेवी. खेळी पोपटची असल्यामुळे त्याला स्वतःला काही करायचं नसे, नुसती वाट बघायची. चिमा ठाकरीण मोळी विकायला यायची, ती लाकडं अंगणातच टाकी. "वर नाय येनार गं बाय," ती म्हणे, "म्हातारा एकटा नाय बसलेला."

हे ती जिला सांगे ती जयवंता, पोपटची बायको. सासू तिच्या लग्नाआधीच वारलेली, म्हणजे आता घरात सासरा आणि सून, आणि हा पट. जयवंताला पहिले काही महिने भरदिवसा ओटीवर यायला भीती वाटे. मग हळूहळू भीतीची जागा दुसऱ्याच गोष्टीनं घेतली. येसाजीला पोपट दिसत होता, चिमाला दिसत होता, पलीकडच्या घरातल्या भागीला संध्याकाळी म्हणे चटई करकरताना ऐकू आली होती. जयवंताला काहीच होत नव्हतं. ती मुद्दाम पटापाशी उभी राही, श्वास रोखून. चटई होती, तांबड्या-काळ्या सोंगट्यांवर बसलेली धूळ होती. जिच्याशी त्यानं दोन वर्षं संसार केला, तिच्यासाठी मात्र तो येत नव्हता. हे तिला इतकं लागलं होतं की कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

वर्षश्राद्ध झालं आणि तिचा भाऊ गजा तिच्या माहेराहून, चौक गावाहून आला. त्यांच्यात विधवेचा पाट लागत असे, त्यात काही वावगं नव्हतं. खालापूरला एक बिजवर होता, घरची भातशेती, माणूस शांत. पण त्याच्या आईनं अट घातली होती. पहिल्याचा जीव अजून घरात अडकलाय म्हणतात, तो सुटल्याशिवाय ही पोरगी माझ्या उंबऱ्यात नको. उद्या तो हिच्या मागून आला तर?

"म्हाताऱ्याला सांग, गुंडाळ तो पट," गजा म्हणाला.

"गुंडाळून सुटतोय व्हय?" जयवंता म्हणाली. "डाव पुरा करायचं वचन दिलंय त्यांना."

गजा गेल्यावर ती ओटीवर आली. येसाजी नेहमीसारखा बसलेला होता. ती भिंतीशी उभी राहून म्हणाली, "मामंजी, असं किती दिस बसनार? त्यांची खेळी कुनीतरी करायला पायजे. मला शिकवा. त्यांच्या बाजूनं मी खेळते."

येसाजी आधी संतापला. बाईमाणसानं पटाला हात लावायचा, तोही सासऱ्यासमोर बसून! दोन दिवस तो तिच्याशी बोललाच नाही. तिसऱ्या दिवशी जेवता जेवता एकदम म्हणाला, "तू नाय खेळायचं. तू नुसता हात द्यायचा, खेळंल तो. पन मोहरं कसं चालतं ते हाताला ठावं पायजे, न्हाय तर तो तरी काय करंल?"

आता डावात काय उरलं होतं ते सांगायला हवं, म्हणजे पुढचं कळेल. पोपटकडे तांबडा राजा, दोन उंट आणि एक प्यादं. येसाजीकडे काळा राजा आणि एकच प्यादं. ही दोन प्यादी पटाच्या कडेला एकमेकांना डोकी लावून अडून बसली होती, दोघांनाही हलता येत नव्हतं. म्हणजे खेळ सगळा उंटांचा. आणि पट होता जुन्या चालीचा, जाड कापडाचा, त्यावर उभ्या-आडव्या शिवणी मारून घरं पाडलेली. घरांना रंग नव्हते. कुठला उंट कुठं पोचेल आणि कुठं जन्मात पोचणार नाही, हे खेळणाऱ्यानं डोक्यात धरायचं.

येसाजीनं मागच्या अंगणात गेरूनं दुसरा पट आखून दिला. खऱ्या पटाला शिकण्यासाठी हात लावायचा नव्हता. उंट म्हणून दोन सुपाऱ्या, राजे म्हणून दोन खडे. उंट तिरका चालतो, वाट मोकळी असेल तर लांबवर जातो, एवढं तिला चटकन समजलं. पण बिनरंगी घरांत ती सारखी चुके. मग तिनं स्वतःच युक्ती काढली. एकाआड एक घरात वालाचा दाणा ठेवला. एक उंट फक्त दाण्यांवरून चालत होता, दुसरा फक्त मोकळ्या घरांतून. दिवसभर दोन्ही उंट फिरवले तरी एकाचा पाय दुसऱ्याच्या घरात पडला नाही.

"कदीच नाय पडत," येसाजी म्हणाला. "एका पटावर जलम काडतात, पन एकमेकांच्या वाटंला नाय जात." आणि बोलता बोलता तो थांबला आणि घरात निघून गेला. जयवंता त्या दाण्यांकडे बघत राहिली. एकाच घरात नांदूनही त्याची आणि आपली भेट का होत नाही, याचं उत्तर कुणीतरी अंगणात मांडून दाखवावं तसं तिला झालं.

पहिल्या रविवारी ती खऱ्या पटाशी बसली. येसाजी म्हणाला, "पदर खाली घे. पोपट काय डोईवरनं पदर घेत होता?" सासऱ्यासमोर उघड्या डोक्यानं बसायचं म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तिनं पदर खांद्यावर घेतला आणि हात तांबड्या उंटावर धरला. उंटाच्या मानेशी एक बारीक खाच होती. विचार करताना पोपट तिथं अंगठ्याचं नख रुतवायचा. तिचं नख त्या खाचेत बरोबर बसलं. तिला वाटलं, आता. आता हात आपोआप उठेल.

"खेळ रं," येसाजी समोरून म्हणाला. तिच्याच दिशेनं, पण तिच्या खांद्याच्या वर कुठंतरी बघत.

हात उठला नाही. दुपार कलली, उन्हाची तिरीप ओटीवरून निघून गेली, घाटाकडे गाडीनं शीळ घातली. हात तिचाच होता आणि तो अवघडून दुखायला लागला होता. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही. मग एका रविवारी चुलीवर भात उतू जाण्याचा वास आला आणि जयवंतानं जीव कंटाळून उंट दोन घरं सरकवला.

येसाजीच्या डोळ्यांत खळ्ळकन पाणी आलं. "आला," तो म्हणाला. "बघ, असाच उगा सरकवायचा, बिनकामाचा! आला गं माझा लेक." त्या दिवशी तो पोटभर जेवला. वर्षभरात पहिल्यांदा त्यानं भात मागून घेतला. जयवंताला सांगायचं होतं की भात उतू जात होता म्हणून मी सरकवला. पण ज्या तोंडात एवढ्या दिवसांनी घास गेला, त्या तोंडाला हे कोण सांगणार?

त्यानंतर दर रविवारी चारदोन खेळ्या होऊ लागल्या. ती मनाला येईल तसा उंट ढकलायची, येसाजी खूश. गावात कुजबुज झालीच. सून सासऱ्यासमोर उघड्या डोक्यानं बसते, सांधे बदलता बदलता म्हाताऱ्याच्याच डोक्याचा सांधा चुकला, वगैरे. उंटावरून शेळ्या हाकणारे गावात पुष्कळ. पण ओटीवर चढून तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती. न जाणो, तिसराही ऐकत असला तर.

पण जयवंताच्या लवकरच लक्षात आलं की अशानं डाव कधी संपायचा नाही. येसाजीचा राजा मोकळा हुंदडत होता, उंट आपले भरकटत होते. म्हाताऱ्याला तेच हवं होतं. खालापूरची माणसं मात्र जन्मभर थांबणार नव्हती, आणि पोपट जर खरंच कुठं अडकला असेल तर तोही किती दिवस अडकून राहणार? ती म्हणाली, "मामंजी, मात कशी करतात ते शिकवा."

"त्याला नव्हती येत," येसाजी तुटक बोलला.

"त्यांना नाय, मला शिकवा. रविवारचं मी काय म्हनत नाय. बाकीच्या दिवसांचं म्हनते."

आता यात येसाजीला काय वाटलं ते त्यालाच माहीत. पण खेळणाऱ्या माणसाला एक वाईट खोड असते. कुणी मनापासून विचारलं की त्याला सांगितल्याशिवाय राहवत नाही, मग ते स्वतःच्या गळ्याशी का येईना. तो अंगणात उतरला आणि शिकवू लागला.

तिचे उंट पहिल्यांदा एक या कोपऱ्यात, एक त्या कोपऱ्यात. खडा मधून हसत निघून जाई. "शेजारी आन त्यांना," येसाजी म्हणे. "नांगराची दोन तासं कशी लागून जातात? तशा दोघांच्या वाटा लागून आल्या का राजाला पार होता येत नाय." मग तिनं उंट शेजारी आणले, तर राजा एका उंटाच्या अंगावर चालून आला आणि तिनं घाबरून तो हलवला आणि दोन वाटांचं ते कुंपण मोडलं. "भितीस कशाला? उंट लांबनं राखतो. लांब ने, पन वाट तीच धर." मग कळलं की नुसत्या उंटांनी काही होत नाही, आपला राजाही उठून बरोबर चालला पाहिजे. "घरधनी घरात बसून ऱ्हायला तर गडी काय करनार?"

आणि एकदा तिनं विचारलं, कडेचं ते तुमचं प्यादं माझ्या दाण्यावरच्या उंटाच्या सरळ टप्प्यात आहे, ते का नाही मारायचं?

"ते शेवटलं मोहरं," येसाजी म्हणाला. "ते मारलंस का माझा राजा एकला पडला. एकल्या राजाला मात नसते. बुर्जी झाली, डाव तिथंच थांबला. कुनी जितलं नाय, कुनी हरलं नाय. जितायचं असंल तर समोरच्याचं एक मोहरं जितं ठेवावं लागतं." मग खड्याकडे बघत, "पोपट नेमका तेच मारायचा. हातचा घास त्याला कदी सोडवला नाय. दर डावाला बुर्जी, दर डावाला बुर्जी."

थंडी पडली, वाल पेरून झाले, शेंगा धरल्या. जयवंता शिकत होती. भात कांडताना, नदीवर धुणं आपटताना तिच्या डोळ्यांपुढं तिरक्या वाटा असत. एके दिवशी अंगणात तिनं येसाजीचा खडा कुंपणामागं कुंपण घालत कडेला नेला, कडेवरून कोपऱ्यात नेला, आणि त्याला घर उरलं नाही. मात. तिच्या तोंडून हसू फुटलं. मोठ्यानं, लग्नाआधी चौकाच्या अंगणात हसायची तसं. मग आपण हसलो हे कळून तिनं तोंडावर पदर दाबला.

त्याच्या पुढच्या रविवारपासून ओटीवरचा खेळ बदलला. तिला आता बिनकामाचा उंट सरकवताच येईना. हात मुद्दाम चुकीकडे न्यायचा म्हटलं तरी डोळे बरोबर घराकडे जात. तांबडे उंट शेजारी आले, तांबडा राजा पुढं निघाला. येसाजीही जीव तोडून लढला, राजाला दर वेळी मधे पळवायला बघे. पण जसजसा त्याचा राजा कडेला लागला तसतसं त्याचं बोलणं आटत गेलं. आधी "खेळ रं" गेलं. मग समोरच्या कडेला तंबाखू ठेवणं गेलं. शेवटी तो तिच्या मागं, खांद्याच्या वर कुठंतरी बघायचा ते गेलं, आणि तो नुसता पटाकडे बघू लागला. जेवणही पुन्हा कमी झालं.

जयवंतानं चौकाला निरोप धाडला. येत्या रविवारी डाव संपेल.

त्या रविवारी गजा बैलगाडी घेऊन आला आणि अंगणात चिंचेखाली बसला. वर यायची त्याचीही हिंमत नव्हती. ओटीवर ती दोघं समोरासमोर. जयवंतानं मोकळ्या घरांतल्या उंटानं शह दिला. येसाजीच्या राजाला एकच घर होतं, कोपऱ्याचं. तो तिथं गेला.

आता दाण्यांवरचा उंट त्याच्या तिरक्या वाटेवर एक घर सरकला की मात होती. तिनं पुन्हा पुन्हा तपासलं. मात होती. तिच्या छातीत धडधडलं, आणि खोटं कशाला बोला, आनंदानं धडधडलं.

"जमलं तुला," येसाजी म्हणाला. "दे मात. चांगली शिकलीस." त्यानं तिच्याकडे पाहिलं, सरळ तिच्याकडे, सुनेकडे. इतक्या रविवारांत पहिल्यांदा. आणि त्याचा चेहरा इतका ओसाड होता की तिचा हात वाटेतच थांबला.

"मामंजी?"

"तो नाय आला," तो म्हणाला. "कवाच नाय आला, व्हय ना? आदी आदी मला वाटलं. चुका व्हायच्या ना, तवा वाटायचं. मग तू शानी झालीस. जेवडी तू शानी झालीस, तेवडा तो लांब गेला. ही मात तुझी हाय पोरी. त्याला हे सात जलमांत जमलं नसतं. डाव तुझा पुरा झाला, त्याचा ऱ्हायला तो ऱ्हायलाच."

हसू, अंगणातले दाणे, कुंपणं, सगळं तिच्या अंगावर आलं. नवऱ्याला सोडवायला म्हणून ती शिकली होती, आणि एकेक खेळी बरोबर करत तिनं त्याला ओटीवरून उठवून लावलं होतं.

"तुला सांगतो," येसाजी म्हणाला. आवाज खाली होता, अंगणात गजाला ऐकू जाऊ नये एवढा. "त्या दिसी त्यानं उंट उचलला होता. ते प्यादं मारायलाच निगाला होता. मी त्याचं मनगट धरलं. म्हनलं, गाढवा, किती येळा सांगू, शेवटलं मोहरं मारू नको, इचार कर. मग इचार करत बसला. माझी पाळीची येळ झाली. मारू दिलं असतं तर डाव तितंच संपला असता. बुर्जी झाली असती, पट गुंडाळला असता. त्याला मी अडकवला. मानमोडीनं नेला, पन अडकवला मी."

जयवंतानं उंट उचलला. नख खाचेत बसलं. तिरक्या वाटेवर पहिलंच घर मातेचं होतं. त्याच वाटेच्या शेवटी, पार कडेला, काळं प्यादं उभं होतं.

तिला पक्कं ठाऊक होतं की हात तिचाच आहे. महिनोन्महिने तो दुसऱ्या कुणाचा झाला नव्हता, आताही नव्हता. तिनं उंट मातेच्या घरावरून पुढं नेला.

येसाजीचा हात झटक्यानं उठला, मनगट धरायला. जुनीच सवय. आणि पटावर मधोमध, तिच्या मनगटापासून चार बोटांवर, तो अडकल्यासारखा थांबला. मग मुठीसारखा मिटला आणि मागं गेला.

"मार रं," येसाजी म्हणाला. "मार, बाळा. नाय धरत मी. मार."

तिनं प्यादं मारलं.

आणि त्याच क्षणी तिच्या शेजारी, डाव्या अंगाला, चटई हलकी झाली. इतकंच. मांडी घालून बराच वेळ बसलेलं कुणी गुडघ्यावर हात टेकून उठावं, तशी चटईची कड वर आली. तंबाखूचा आणि रुळांच्या तेलाचा वास आला, गेला. जयवंतानं मान वळवली तोवर तिथं नुसतं ऊन होतं. इतके दिवस तो तिच्या इतका जवळ होता आणि तिला कळला तो उठून जाताना.

"बुर्जी," येसाजी म्हणाला. त्यानं राजा उचलला, प्यादं उचललं, उंट उचलले. शांतपणे, एकेक पुसून पिशवीत भरले. पटाची घडी घातली. खालची जमीन सारवलेल्या ओटीत चौकोनी, वेगळ्या रंगाची दिसत होती. "झालं," तो म्हणाला, आणि त्याचा बांध फुटला. पोर गेलं तेव्हा हा माणूस रडला नव्हता. खेळी व्हायची राहिलेल्या माणसासाठी कुणी रडतं का? आता तो लहान मुलासारखा हुंदके देत होता, आणि जयवंताही. सून आणि सासरा, दोघं त्या उघड्या जमिनीच्या दोन बाजूंना बसून रडत होते.

अंगणात गजा उठून उभा राहिला. त्याला वाटलं, हरलं कुणीतरी. तो पायरीपाशी आला.

"झाला का डाव? कोन जितलं?"

"कुनी नाय," जयवंता म्हणाली.

"पन संपला ना? मग चल तर. ऊन हाय तवर चौकाला पोचू."

जयवंतानं डोळे पुसले नाहीत. ती उठली, चुलीपाशी गेली, सकाळी शिजवलेलं अन्न बाहेर आणून गाईपुढं ठेवलं, आणि चुलीतली लाकडं ओढून विझवली. मग दारात येऊन भावाला म्हणाली, "पायरीवर नको येऊस, दादा. घरात सुतक हाय. तेरावं झाल्यावर ये."